नवव्या दिवसाची नोंद

घोड्याच्या एका कुशीला कॅमेरा, बोटं वाचायचं यंत्र,
दुसऱ्या कुशीला बॅटरी, आणि तोल साधायला
मक्याच्या पिठाची पिशवी.
मोखोत्लोंगहून निघताना साहेब म्हणाले होते,
या खोऱ्यात दोनशे चौदा नवी नावं निघायला हवीत.
आकडा जनगणनेतून आला होता.
माणसं त्याच्या आधीच निघाली होती.

पहिल्या घराला कुलूप.
दुसऱ्या घरी कुत्रं, तेही शेजारणीचं.
तिसऱ्या घरी मामोलिएही.
लेसोथोत बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात,
मोलिएहीची आई ती मामोलिएही;
हाक इथे, लेक सरहद्दीपलीकडे.
तिनं घोंगडीची पिन काढून पुन्हा नीट लावली,
केस चापले, कॅमेऱ्यासमोर बसली.
फोटो निघाल्यावर म्हणाली,
माझं नाव आहे रे यादीत, मी आपली उगाच बसले.
पोरींचं लिही.
थोरली फिक्सबर्गच्या मळ्यात शतावरीचे कोंब खुडते,
धाकटी मासेरूत जीन्सना खिसे लावते.
मी म्हटलं, आई, नोंदणीला बोटं लागतात.
म्हणाली, बोटं तिकडेच लागतात,
म्हणून तर गेल्या.

मग नाताळात ये म्हणाली.
नाताळात सगळे येतात, मेंढरू कापतात,
एवढ्याशा खोलीत नऊ जण झोपतात, तेव्हा काढ फोटो.
यादी ऑक्टोबरात मिटते, हे मी सांगितलं.
तिनं चहात साखर घातली. जास्तच घातली.

यादीत रामाखुला आहेत. वय एकशे तीन.
त्यांच्या कबरीला वळसा घालूनच घोडा वर आला.
मेलेली माणसं कामाला बाहेर जात नाहीत,
त्यांची नोंद पक्की.

दुपारी एक पुरुष भेटला. मोतलात्सी,
भिंतीला टेकून उन्हात.
वेल्कमच्या खाणीत बावीस वर्षं ड्रिल धरलेलं.
अंगठा काचेवर ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा.
तर्जनी. पुन्हा.
मधलं बोट, थुंकीनं ओलं करून. पुन्हा.
दहाही बोटं नदीतल्या गोट्यांसारखी.
खोकल्याची उबळ सरल्यावर तो म्हणाला,
ठसे दोन किलोमीटर खाली, खडकात राहिले.
ने तुझं घोडं तिथे.
यंत्रात यासाठी एक बटण आहे: अपवाद.
मी ते दाबलं.
दिवसभरात तेवढं एकच नाव चढलं.

गुराखी पोरं यंत्राभोवती जमली होती.
एकानं विचारलं, वय सोळा असेल,
या फोटोवर पासपोर्ट निघतो का?

रात्री कंदिलाशी फॉर्म भरतो.
न सापडल्याचं कारण: मृत, स्थलांतरित, अनिच्छुक.
स्थलांतरितापुढे पक्का पत्ता हवा.
'मळ्यामागची शेड, चौथा पलंग, खालचा'
चौकटीत मावत नाही.
साहेबांचा निरोप आलाय, आकडा फारच कमी,
लोकांत जागृती नाही, पोस्टरं लावा.
माझं स्वतःचं नाव खाली लेरिबेच्या यादीत आहे.
मतदानाच्या दिवशी मी अशाच कुठल्यातरी डोंगरावर
दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावत असेन.

पीठ संपत आलंय.
उद्या त्या कुशीला
एखादा दगड बांधावा लागेल.