उसनवार

चार वर्षांनी सातपूरला गेले,
हातात छापून आलेला माझा शोधनिबंध,
लघुउद्योग आणि माहिती-प्रणालींचा स्वीकार वगैरे,
चोवीस पानं, इंग्रजीत.
अकरा संदर्भ मिळाले आजवर,
त्यातले चार माझेच.

भिकन अहिरे स्टोअरमध्येच होते.
व्हॉल्व्हच्या खोक्यांमागे तोच कॉम्प्युटर,
आता त्यावर टॉवेल वाळत नव्हता, इतकाच फरक.
"तुम्ही एकशे सदतिसावे," मी कौतुकानं सांगितलं,
"पान पंधरा, तक्ता सहावा.
सगळ्या प्रश्नांना तुम्ही 'तीन' दिला होता.
सहमतही नाही, असहमतही नाही."
"मग काय करणार?
जे सांगायचं होतं ते विचारलंच नाही की तुम्ही."

आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

आतल्या बाजूला, खडूनं:
गांगुर्डे, शेड नऊ — अकराचा ड्रिल.
शकील वेल्डर — ग्राइंडर, गुरुवारी देतो म्हणाला.
पिंगळे — शिडी (आपलीच आहे, त्याला वाटतं त्याची).

"तुमच्या त्या सॉफ्टवेअरात खिडक्या दोन. आवक, जावक.
गांगुर्डेकडचा ड्रिल गेला का? नाही गेला.
आहे का? तर नाही.
मग लिहू कुठं?"

सहाव्या तक्त्याखाली मी याला
'वापरकर्त्याचा प्रतिकार' म्हटलं होतं, ठळक अक्षरांत.
परिषदेत माना डोलल्या होत्या.

"दसऱ्याला शटर रंगवतो," ते सांगत होते,
"जे परत आलं नाही ते पुन्हा लिहून काढतो."
तळाशी, गंजाच्या डागाला लागून,
चौथ्यांदा लिहिलेलं, स्वच्छ:
कॉलेजच्या बाई — निळं पेन.

पर्स उपसली. ते कुठलं सापडायला.
दुसरं दिलं. त्यांनी तळहातावर रेघ ओढून पाहिली,
मग ओलं फडकं घेऊन ओळ पुसली,
अर्धीच.
'कॉलेजच्या बाई' तसंच ठेवलं.

"पेन आलं," म्हणाले.

सॉफ्टवेअरवाला पोरगा कॅनडा कॉर्नरला बसतो म्हणे.
नंबर घेतलाय. उद्या जाते.
एकच रकाना मागायचाय, आवक आणि जावकच्या मधला.
यावर निबंध होणार नाही;
एका रकान्याला कोण छापतं?

आधीचा तिथंच राहिला, खोक्यांवर.
निघताना त्यांनी तो चाळला, शेवटपर्यंत,
एकेक पान उलटं धरून.
"पाठकोरे आहेत सगळे," म्हणाले,
"कागद चांगला वापरलाय."