वाट किती रुंद

वाळपईच्या दुकानात मिनेझिसनं विचारलं,
"चालवणार कोण?"
आणि माझ्या मागे पाहिलं.
मागे खताची पोती होती.

मग त्यानं पट्टा माझ्याच खांद्यांवर चढवला.
आठ किलो. पेट्रोल वेगळं.
दोरीनं गवत जातं, म्हणाला, रानमोडी नाही;
रानमोडीला तीन दातांचं पातं,
कुड्याच्या खोडाला गोल करवत.
टेकडीवर दगड किती?
दगड, म्हटलं, टेकडीपेक्षा जास्त.

तीन पावसाळे कोणी चढलंच नाही.
बोंडं वरच पिकली, वरच कुजली,
बिया साळिंदरांनी नेल्या,
आणि वाट, घाणेरीखाली,
कुठेतरी असेलच.

शाबलो दारात विडी विझवत म्हणाला,
"बाये, आधी सांग, वाट किती रुंद?"

पप्पांची वाट एका माणसाची.
डोक्यावर डबा, कोपरं अंगाशी,
कोयत्याचा हात पोचेल तेवढीच.
यंत्र एका झोक्यात दोघांची करतं.

दोघांची.
दुसरं कोण, ते मोजलं नाही मी.
त्रेचाळीस सीसीचं घेतलं, पैसे दोन हप्त्यांत.

शिवाय एक कोयती, शाबलोच्या शब्दाखातर.
तिसऱ्या वळणावर वारूळ आहे.
तिथं इंजिन बंद,
चपला काढायच्या, वाकायचं,
आणि सातेरी जेवढं देईल
तेवढंच हातानं तोडायचं.

"गॉगल फुकट,"
मिनेझिस मागून ओरडला,
"पण घाल मात्र!"