समुद्रसपाटी

एल आल्तो. चार हजार मीटरवर
पाणी लवकर उकळतं,
बटाटा मात्र शिजता शिजत नाही.
तीन दिवस झाले, माझी टॅक्सी काळा धूर ओकतेय.

डोन्या निकासिया आधी सायलेन्सरला नाक लावते.
प्लग काढून काजळी अंगठ्यावर घासते.
"उपाशी नाहीये. अति खातेय."
मग म्हणते, किल्ली फिरव, इंजिन चालू करू नकोस,
नुसती हवा मोजू दे तिला.

स्कॅनरवर आकडा येतो: एकशे एक.
ती हसते, पाठीवरच्या दोन्ही वेण्या हलतात.
"इथं बासष्टच्या वर दाब कुणी पाहिलाय?
तुझी गाडी समुद्रकिनारी उभी आहे, पोरा."

आमच्या देशाला समुद्र नाही.
होता, पणजोबांच्याही आधी.
मार्चमध्ये एक दिवस शाळेची पोरं
त्याच्यासाठी ढोल वाजवत चालतात.
मीही चाललोय, पुठ्ठ्याचं जहाज डोक्यावर घेऊन,
आणि नाक गळत होतं, एवढंच आठवतं.

गाडीनं मात्र पाहिलाय. जपानहून आली,
इकीकेच्या धक्क्याजवळ आठ महिने उभी होती
खाऱ्या वाऱ्यात, गिऱ्हाइकाची वाट बघत.

सेन्सरच बदलून टाकू, मी म्हणतो,
चौकात मिळतो,
अस्सल नसला तरी अस्सलच्या खोक्यात.
ती ऐकत नाही.
रबरी नळी वाकवून बघते. चीर नाही.
लाल तार: पाच व्होल्ट, चोख.
काळी तार: इथं शून्य हवं.
शून्य येत नाही.

ती टेप सोलत जाते, वीतभर, अजून वीतभर.
आत तांबं हिरवं पडलेलं,
बोट लावलं की पीठ.
मी चाखून बघणार, तर हातावर फटका.
"विष आहे ते, गाढवा."
मग बराच वेळ तार चिमटीत धरून:
"सेन्सर खोटं बोलत नव्हता रे.
त्याची जमीन सुटली होती.
खाली जमीन नसली की सगळंच जास्त वाटतं."

नवी तार, डाग, टेप. किल्ली.
एकसष्ट पॉइंट आठ.
इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प आपल्या कामाला लागलं.

पंचवीस बोलिव्हियानो. तारेचे तीन वेगळे.

कापलेला तुकडा मागून घेतला,
घरी लेकीला दाखवला, समुद्रानं खाल्लेला.
तिनं दिव्याखाली धरून पाहिला.
"हिरवा? बाईंनी तर निळा सांगितलाय."
मला काय माहीत.