एक लांब, दोन आखूड

नेलला आता ऐकू येत नाही.
तेरा वर्षं ट्रेगारॉनच्या डोंगरावर
एम्रिसची शिट्टी तिला ओढ्यापलीकडून वळवायची:
एक लांब, दोन आखूड, की डावीकडून घेर.

डॉक्टरीणबाईंनी कानामागे किल्ल्या वाजवल्या.
नेल खिडकीतली माशी बघत राहिली.
मग मूत्रपिंडाचं बोलणं निघालं.
हाडं बंद. चरबी बंद.
रविवारचा मटणाचा तुकडासुद्धा.

ज्या काट्यावर बायको केकचं पीठ तोलायची
त्यावर तो आता भात तोलतो, अंड्याचा पांढरा,
चष्मा कपाळावर, आकडा पुटपुटत.

अडुसष्टाव्या वर्षी खुणा शिकायला बसला.
तळहात उघडा: थांब.
हात छातीशी: ये.
संधिवाताचं बोट भलतीकडेच जायचं,
नेल सांभाळून घ्यायची.

अडचण एवढीच, की खूण दिसायला
वळून बघावं लागतं.
जिने उभ्या जन्मात मेंढरांवरून नजर हलवली नाही
ती दर दहा पावलांवर मागे बघते.
शेजारचा इद्रिस म्हणाला, कुत्री कामातून गेली.

एम्रिस काही बोलला नाही.
कुंपणाशी उभा, हात वर,
आणि ओठांतून, सवयीने,
एक लांब, दोन आखूड.

कोकरं तेवढी कान टवकारतात.