डब्ल्यू-४७

कतारहून निघताना सामान अठरा किलोच भरलं.
हेल्मेट तिथंच ठेव म्हणाले, कंपनीचं आहे.
आतली काच मी बदलत आलो होतो, पदरच्या पैशानं,
पण तो हिशेब घालायचा कुणाशी?

साहेबानं बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं,
पिंपाचा भाव पडलाय, भरमा.
एवढंच. जणू पिंप माझ्या हातून पडलं.

इथं टिळकवाडीच्या पंपावर उभा राहिलो
तर भाव होता तिथंच होता.
पोराला म्हटलं, अरे, पडलाय म्हणे.
कुठं? म्हणाला, आणि पायांशी बघितलं.

उद्यमबागेत गेटागेटावर हिंडलो.
फाउंड्रीच्या काळ्या वाळूनं चपला भरल्या.
सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न पडलेलं:
सिक्स-जी, पंचेचाळीस अंशात कललेला पाइप,
हात पोचतो पण डोळा पोचत नाही तिथं
आरशात बघून जोड घालणारा माणूस.
शिरगुप्पी साहेबांनी दोन्ही बाजू वाचल्या,
मागची कोरी होती, तीही वाचली.
एवढं येणाऱ्याला इथं काय देऊ? म्हणाले.
आमच्याकडं ओततात. जोडायचं काम कमीच.
मग चहा मागवला.
चहा मागवला की काम नाही,
हे तिसऱ्या गेटापासून कळायला लागलं होतं.

रेशनकार्डावर मी भरमाण्णा, मतदार यादीत भरम,
पासपोर्टावर आणखी तिसराच कोणी.
मराठीतून कानडीत जाताना एक काना वाटेत गळतो,
परत येताना भलताच चिकटतो.
नोंदणीच्या खिडकीतली बाई म्हणाली, इल्ली सही माडी.
केली.
सही दोन्हीकडं सहीच असते.

तिकडं नावाची ही भानगड नव्हती, नंबर होता.
प्रत्येक जोडाशेजारी खडूनं लिहायचं, डब्ल्यू-४७.
रात्री एक्स-रेवाले यायचे, फिल्म काढायचे.
लोखंडाच्या पोटात बुडबुडा राहिला असेल तर
सकाळी नंबर पुकारला जायचा.
शेवटच्या तीन वर्षांत माझा पुकारला नाही.
एक फिल्म मी आणली आहे. चोरून म्हणा.
रेणुकानं ती खिडकीला धरून बघितली,
कुणाचं हाड आहे हो?
माझंच, म्हटलं.

दिवाळी होऊन गेल्यावर इम्तियाज मुजावरचा निरोप आला.
देसूरच्या अलीकडं त्याची पत्र्याची शेड,
उसाच्या ट्रॉल्या ओळीनं लागलेल्या,
कारखाने पेटलेले, ज्याला त्याला कालच पाहिजे.
रोज सहाशे, जेवण ज्याचं त्यानं.
तो चाचरत म्हणाला, तुझ्या हाताला हे काम म्हणजे...
काच दे आधी, मी म्हटलं.

काच खाली ओढली की सगळ्या मुलखात एकच अंधार.
त्यात नखाएवढं एक तळं,
ते पुढं न्यायचं, घाई न करता.
गंज होता, चिकटा होता,
वाळलेला रस जळाला तसा काकवीचा वास उठला.
चौदा वर्षं गॅसच्या नळ्या जोडल्या,
भूक लागली नव्हती कधी असल्या वासानं.

जोड झाला. हात आपोआप खिशाकडं गेला.
ट्रॉलीवाला अप्पय्या, नंदिहळ्ळीचा, वाकून बघत म्हणाला,
एन इदु? काय लिवलंस हे?
कुणी केलं ते, म्हटलं.
मोडलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं.
तो हसला.
पुसू नको मग, म्हणाला.

परवा बसनं खानापूरला निघालो होतो.
पुढं एक ट्रॉली, शिगोशीग भरलेली, एका अंगाला कललेली,
ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला, वाट मिळेना.
मी मान बाहेर काढून बघितलं.
वाढं खाली लोंबत होतं, आकडा काही दिसला नाही.
कंडक्टर ओरडला, मान आत घे की, अण्णा.
ट्रॉली मात्र खड्ड्यातून उतरली आणि वर आली,
मी कान देऊन होतो,
काही वाजलं नाही.