अंगठ्याचं नख

रात्रीचे पावणेतीन. कूलरची टाकी आटलीय,
पंप कोरडा घरघरतोय.
बादली ओततो तेवढ्यात आर्वी रडते.
हे भुकेचं नाही. भुकेचं सरळ असतं.
हे आधी आखडतं, मग पाय झाडतं.

(नाव प्रणोतीनं ठेवलं. मी म्हटलं होतं,
हे तर एस.टी.च्या पाटीवरचं गाव.
ती म्हणाली, मग काय झालं, पोचता येईल असं आहे.)

प्रणोती मेडिकलला, नाइट ड्यूटीवर.
क्रीमच्या डबीवर तिची चिठ्ठी:
घासू नको. टिपून घे.

मी गांधीबागेत कापड विकतो, अकरा वर्षं झाली.
डोळे मिटून सांगतो पॉपलीन कुठलं, कँब्रिक कुठलं,
मलमलीत खळ किती,
पहिल्या धुण्यात किती आटेल.
चिमटीत धरायचं, अंगठा फिरवायचा.
गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं नाही, अंगठ्याकडं बघतं.
त्याचं नख मुद्दाम वाढवलेलं.
मीटरच्या खुणेवर घडी घालून दाबलं की रेघ उमटते
आणि तिथूनच कापड टर्रकन फाटतं,
एक दोरा इकडं ना तिकडं.

डायपरची पट्टी सोडवतो.
जांघेच्या वळीत लाल.
कालच्याहून जास्त? की कमी?
ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो,
हे मीच सांगतो दिवसातून वीसदा:
ताई, बाहेर नेऊन उजेडात बघा.

पाणी कोमट हवं. मे महिन्यात
आमचा नळ मध्यरात्रीही चटका देतो,
माठातलं दोन तांबे मिसळावं लागतं.
कोपर बुडवून पाहतो. बोटांचं काय सांगावं.

सासूबाई फोनवर, कोंढाळीहून:
"पावडर लाव ना बापा, आमचे पाचही पावडरवरच वाढले."
डागातली सिस्टर: "पावडर नको. वारा लागू द्या."
दोघींनाही हो म्हणून बसलोय.

शेठनं डाग पडलेला मलमलीचा तुकडा दिला होता,
सात धुण्यांत त्याची खळ गेलीय.
तो भिजवतो, पिळतो, टिपतो. पुढून मागं. पुन्हा टिपतो.
वळीत काहीतरी अडकलंय,
म्हणून मांडीची घडी अंगठ्यानं जराशी वर करतो

आणि ती किंचाळते.

कातडीवर एक रेघ.
बारीक, सरळ,
माझ्या ओळखीची.

रक्त नाही. काही नाही.
पण मला ठाऊक आहे ना, रेघ उमटली की पुढं काय होतं.

बराच वेळ तिला तशीच उघडी ठेवली,
कूलरच्या झोताच्या जरा बाजूला, जुन्या सुती ओढणीवर.
ती शांत झाली, स्वतःचा पाय पकडून बघत राहिली,
आणि मग ओढणीवर, चादरीवर, माझ्या बनियनवर
निवांत मुतली.
मी हललो नाही.
तिचंच नेलकटर हातात होतं, करंगळीएवढं.
अकरा वर्षांचं नख त्याला एका दमात झेपेना.
कुरतडून कुरतडून काढलं.

सहाला प्रणोती आली. आर्वीला खिडकीशी नेऊन
उजेडात धरलं तिनं.
म्हणाली, उतरतंय.
रेघ दिसत नव्हती. मीही सांगितली नाही.
पुढं कधी सांगेन.

दुकानात दुपारी दोन मीटर मलमल मोजली,
खुणेवर घडी घातली, दाबलं.
काहीच उमटलं नाही.
चांडक शेठनं गल्ल्यावरून चष्म्यावर पाहिलं
आणि न बोलता कात्री सरकवली.

समोरची बाई म्हणाली, भाऊ, मऊ आहे ना?
माझ्या मुलीला सातवा चालू आहे.
अंगठा सवयीनं कापडावर गेला होता,
तो मागं घेतला.
म्हटलं, माझ्या हातावर जाऊ नका ताई,
गालाला लावून बघा.

तिनं भर दुकानात
डोळे मिटून लावली.