जागा भरली आहे

एवारिस्तो,
तुमचा अर्ज पोचला. जागा भरली आहे.
चार वर्षांपूर्वीच. भरली ती मी.
जाहिरात मात्र अजून तिथेच लटकते आहे,
कारण ती टाकली एर्मेलिंदाने
(शाळेत स्वयंपाक करते ती)
आणि पासवर्ड लिहिला पिठाच्या पिशवीवर.
पीठ संपलं. पिशवी चुलीत गेली.

तुमच्यासारखीच मीही रात्री दोनला जागी असायचे,
कालामात, तांब्याच्या खाणीशेजारी,
जिथे पाऊस म्हणजे पेपरातली बातमी.
करार संपला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "मार्चमध्ये बघू."
मोबाइलवर तीन चौकटी: विषय, अनुभव, प्रदेश.
पंधरा रात्री मी तिन्हींत नेमक्या खुणा केल्या,
पंधरा रात्री उत्तर एकच. शून्य जागा.
सोळाव्या रात्री प्रदेशापुढची खूण पुसली,
आणि हा आमचा चिंचोळा देश
रिळावरून सुटलेल्या दोऱ्यासारखा
घरंगळत खाली गेला
पार चिलोएच्या बेटांपर्यंत.

किती शाळा! मला वाटलं होतं सगळीकडे माणसं पुरून उरलीत.
पण सगळ्या जाहिरातींना एकच घसा:
गतिशील हवा, ध्येयवेडा हवा,
ताणाखाली हसतमुख राहणारा हवा.
आणि त्यांच्यात ही:

"बाई किंवा मास्तर पाहिजे. मुलं नऊ, इयत्ता सहा.
बोट मंगळवारी. वारा असला तर नाही.
आधीचे तिघे टिकले नाहीत, त्यांचा दोष नाही.
सरपण शाळेचं."

आणि 'इतर पात्रता' या रकान्यात,
जिथे लोक संगणकाचं ज्ञान मागतात:
"एकाला बोलायला वेळ लागतो."

मी दिवा लावला.
एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं
की कुठे कोण वाट बघतंय.

खोटं लिहीत नाही. पहिल्या हिवाळ्यात
मी दोनदा बॅग भरली.
दोन्ही वेळा वारा होता.

तर पत्रं येतच राहतात. पहिल्या वर्षी चार,
यंदा तुमचं एकतिसावं.
रांकाग्वाहून एक संगीतशिक्षिका, इकिकेचं एक जोडपं,
नुकताच पास झालेला एक मुलगा, ज्याने अर्जात तीन वेळा 'कृपया' लिहिलं.
नुसतं 'जागा भरली' म्हणून हाकलायचं जिवावर येतं,
म्हणून मी एक वही केली आहे.
बोटवाला बाउतिस्ता बातम्या आणतो:
कुठल्या बेटावरच्या बाई बाळंतपणाला निघाल्या,
कुठल्या मास्तरांचे गुडघे बोलू लागले.
मी लिहून ठेवते. संगीतशिक्षिका आता
दोन तासांवर आहे. जोडपं परत गेलं.

तुम्ही गणित शिकवता, वय छप्पन्न.
शेवटची नोकरी का सुटली ते लिहिलं नाहीत.
कुणीच लिहीत नाही. मीही नव्हतं लिहिलं.
समोरच्या बेटावर डिसेंबरात एक जागा होते आहे:
पाच मुलं, छप्पर नवं, विहीर खारट.
जाहिरात निघेल तेव्हा तीही 'गतिशील'च म्हणेल.
दचकू नका. ते शब्द शहरातून येतात,
मुलं इथलीच असतात.

हे लिहिताना आन्सेल्मो शेजारी उभा आहे.
तोच तो, वेळ लागणारा.
पूर्ण पत्र वाचलं त्याने, ओठ हलवत.
मग मिनिटभराने म्हणाला, "हे... येणार?"
मी म्हटलं, "बघू,"
आणि जीभ चावली.

तेव्हा हो किंवा नाही, पण कळवा.
आणि येणार असाल तर रबरी बूट घेऊनच या,
मोठ्या मापाचे इथे मिळत नाहीत.

नेलिदा